कायमचा पत्ता

हॉस्टेलच्या फॉर्मवर दोन पत्ते विचारतात. एक सध्याचा आणि एक कायमचा. सध्याचा म्हणजे हॉस्टेलची खोली, कायमचा म्हणजे घर. आपण फारसा विचार न करता दोन्ही लिहून मोकळे होतो. मीही दर वर्षी लिहिते : डोंबिवली पूर्व, आजोबांची सोसायटी. गंमत अशी की माझा हा 'कायमचा पत्ता' असलेली इमारत स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये धोकादायक ठरली आहे आणि ती पाडून नवी बांधायचं सोसायटीच्या सभेत ठरलंय. म्हणजे ही 'सध्याची' खोली माझ्या कायमच्या पत्त्यापेक्षा जास्त टिकणार!

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न घोळतोय. कायमचं असं जगात काही असतं तरी का? माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'शाश्वत', 'चिरंतन' असले शब्द म्हणताना जीभ अजून अडखळते. तत्त्वज्ञान मला झेपणारही नाही. पण सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तेव्हा दगड, सिमेंट आणि लोखंड यांच्या भाषेत उत्तर शोधता येतंय का, ते बघू.

चंद्र-सूर्याची गॅरंटी

कायमची गॅरंटी द्यायची हौस आपल्या भागात फार जुनी आहे. हजार वर्षांपूर्वी उत्तर कोकणावर शिलाहार राजे राज्य करत होते. ठाणे, म्हणजे त्यांचं श्रीस्थानक, हे त्यांचं महत्त्वाचं केंद्र. एखादं गाव किंवा जमीन दान दिली की ते ताम्रपट किंवा दगडावर लिहून ठेवत. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात खोदताना अरिकेसरी राजाचा १०१७ सालचा असाच एक ताम्रपट सापडला.

दगडावरच्या दानलेखांचा एक प्रकार तर मस्तच आहे. त्याला गधेगाळ म्हणतात. वर चंद्र आणि सूर्य कोरलेले, मध्ये मजकूर, आणि खाली गाढवाचं चित्र. हे दान मोडणाऱ्याला दिलेली ती सणसणीत शिवी असते. अलिबागजवळच्या आक्षी गावातला मराठीतल्या सर्वात जुन्या लेखांपैकी मानला जाणारा शिलालेख याच जातीचा. वरच्या चंद्र-सूर्याचा अर्थ असा की ते आकाशात आहेत तोवर हे दान चालू राहील. यासाठी शब्दसुद्धा आहे : आचंद्रार्क.

आता ही गॅरंटी तपासून पाहू. सूर्याचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं आणि त्याचं इंधन अजून साधारण ५०० कोटी वर्षं पुरेल. चंद्र आपल्यापासून वर्षाला सुमारे ३.८ सेंटीमीटर लांब सरकतोय. अपोलोच्या अंतराळवीरांनी तिथे ठेवलेल्या आरशांवर लेसर मारून हे मोजलंय. म्हणजे 'आचंद्रार्क' हीसुद्धा एक मुदतच झाली, फक्त फार लांबची. पण दान काही तितकं टिकलं नाही. १२६५ च्या सुमारास देवगिरीच्या यादवांनी शिलाहारांचं राज्य संपवलं. दगड राहिला, चंद्र-सूर्यही आहेत, पण गॅरंटी देणाराच गेला. इथला पहिला धडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. वस्तू टिकणं वेगळं आणि तिची जबाबदारी घेणारं कुणी टिकणं वेगळं.

अंबरनाथचा दगड का टिकला?

निदान वस्तू तरी टिकते ना? ते बघायला कल्याणहून कर्जतच्या बाजूला तिसरं स्टेशन गाठायचं. वालधुनी नदीच्या काठी अंबरनाथचं शिवमंदिर आहे. तिथल्या शिलालेखात शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० हे साल आणि शिलाहार राजा मुम्मुणी याचं नाव आहे. साडेनऊशेहून अधिक पावसाळे त्याने अंगावर घेतले. आपल्याकडचा पाऊस कसा असतो ते लोकलवाल्यांना सांगायला नको.

हे मंदिर टिकण्यामागे चमत्कार नाही, सरळ मेकॅनिक्स आहे. एक, दगड. हा आपला काळा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन झालेला. दोन, रचना. दगड दाबाला जबरदस्त, ताणाला कच्चा. म्हणून जुन्या स्थपतींनी दगडावर फक्त दाब येईल असंच बांधलं. खांब जवळजवळ ठेवले, छताचे दगड एकावर एक थोडे थोडे पुढे काढत नेले, भिंती जाडजूड केल्या. तीन, आणि हे सर्वात महत्त्वाचं, आत गंजण्यासारखं काही नाही. रोमचं पॅन्थिऑन घ्या. दुसऱ्या शतकातला तो काँक्रीटचा घुमट आज एकोणीसशे वर्षं झाली तरी उभा आहे. त्यातही सळई नाही.

तरी 'कायमचं' म्हणायची घाई नको. अंबरनाथच्या शिखराचा वरचा भाग आज नाही आणि कित्येक मूर्तींचे चेहरे झिजून सपाट झालेत. शिवाय दगडाचं बांधकाम म्हणजे अमरपट्टा नव्हे. महाडजवळचा सावित्री नदीवरचा दगडी कमानींचा पूल १९२८ चा होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात वाहून गेला, आणि एसटीच्या गाड्यांसकट माणसंही गेली.

फेनॉल्फ्थॅलिनची परीक्षा

मग अंबरनाथला साडेनऊशे वर्षं आणि माझ्या आजोबांच्या इमारतीला जेमतेम चाळीस, असं का? इमारत १९८३ ची. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, साधं आरसीसी.

ऑडिटवाले इंजिनिअर आले तेव्हा मी मुद्दाम घरी थांबले होते. त्यांनी जिन्याजवळच्या कॉलमचा थोडा भाग फोडला आणि त्यावर एका बाटलीतून फवारा मारला. फवारा कसला, तर बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला आपण टायट्रेशनमध्ये थेंब-थेंब टाकायचो तोच, फेनॉल्फ्थॅलिनचा! आतलं काँक्रीट झकास गुलाबी झालं. बाहेरचा दोन बोटं जाडीचा थर मात्र होता तसाच करडा राहिला. आणि सळई त्या करड्या भागात होती. आजोबा म्हणाले, "गुलाबी म्हणजे वाईट का गं?" मी म्हटलं, "नाही आजोबा, गुलाबी म्हणजे जिवंत."

याचा अर्थ नीट समजून घेऊ. ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं, पीएच साडेबारा-तेराच्या आसपास. इतक्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर ऑक्साइडचा एक अत्यंत पातळ थर तयार होतो आणि तोच तिला गंजू देत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून हळूहळू आत शिरतो, आतल्या चुन्याशी संयोग पावतो आणि कॅल्शियम कार्बोनेट बनवतो. याला कार्बोनेशन म्हणतात. त्यात पीएच नऊच्या खाली उतरतो आणि सळईचं कवच जातं. पाणी आणि ऑक्सिजन असतातच, गंज सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जास्त जागा लागते. ती जागा तो आतून काँक्रीट फोडून मिळवतो. छताचे पोपडे पडतात आणि सळया दिसायला लागतात, त्याची गोष्ट ही अशी. खाडीच्या बाजूला हवेतले क्षार हेच काम आणखी लवकर उरकतात.

आता यातला हिशेब बघा. कार्बोनेशनची खोली वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा, एखाद्या काँक्रीटमध्ये ते १५ मिलिमीटर आत जायला २० वर्षं लागली. तर ३० मिलिमीटरला ४० नाही, ८० वर्षं लागतील! सळईवरचं कव्हर दुप्पट, आयुष्य चौपट. हिशेब ढोबळ आहे, कारण भेगा आणि गळती धरलेली नाही. पण मुद्दा पोचतो. एका बोटाच्या जाडीइतकं जास्त काँक्रीट म्हणजे साठ वर्षं. साइटवर सळईखाली कव्हर ब्लॉक लावायचा कुणी कंटाळा केला, की ती साठ वर्षं त्याच दुपारी गेली. आणि ते कळतं चाळीस वर्षांनी, तिथे राहणाऱ्याला.

मग सळई घालायचीच कशाला? कारण तिच्याशिवाय काँक्रीट ताण घेत नाही. आपल्याला पातळ स्लॅब हवे, लांब बीम हवे, थोड्या जागेत पुष्कळ घरं हवीत. रोज लोकलला लटकणाऱ्या माणसाला परवडेल असं घर अंबरनाथच्या पद्धतीने बांधता येत नाही. म्हणजे सळईने डोंबिवलीला घर दिलं, आणि त्या घराला मुदतही सळईनेच घातली. आम्ही याला 'डिझाइन लाइफ' म्हणतो. नेहमीच्या इमारतीला साधारण ५० वर्षं धरायचा प्रघात आहे. रस्त्यावरच्या काँक्रीटच्या पुलांसाठी आयआरसी ११२ हा कोड १०० वर्षं धरतो. कुठल्याही कोडमध्ये 'कायम' असा रकाना नाही.

ही नुसती परीक्षेतली थिअरी नाही. २८ जुलै २०१५ च्या रात्री आमच्या शेजारच्या ठाकुर्लीत एक इमारत कोसळून नऊ जण गेले. मी तेव्हा लहान होते, पण त्यानंतर कित्येक दिवस आजी झोपायच्या आधी छताकडे बघायची, ते आठवतं. आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. पुष्कळ सोसायट्यांत अजूनही त्याला 'खर्चाला वाट' म्हणतात.

हिरा आणि प्रोटॉन

मेकॅनिकलचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे मित्र म्हणतील, तुमचं सिमेंटच फालतू, चांगलं मटेरियल शोधा. ठीक आहे, शोधू.

हिरा कायमचा असतो, असं जाहिरातवाले सांगतात. आपल्या नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला कार्बनचं स्थिर रूप खरं तर ग्रॅफाइट, म्हणजे पेन्सिलीतलं शिसं. हिरा आहे तसा राहतो कारण ग्रॅफाइट व्हायला मध्ये ऊर्जेचा प्रचंड मोठा डोंगर चढावा लागतो. म्हणजे तो टिकतो ते अमर आहे म्हणून नव्हे, वाट अडलेली आहे म्हणून. भट्टीत ८००-९०० अंशांना हवेत तापवा, जळून कार्बन डायऑक्साइड होऊन जाईल.

मग त्याहून खाली, अणूच्या आत? प्रोटॉन तरी कायमचा का? हा प्रश्न भारतातच जमिनीखाली दोन किलोमीटरहून जास्त खोल जाऊन विचारला गेला होता. १९८० च्या दशकात कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चच्या आणि जपानच्या शास्त्रज्ञांनी सुमारे १४० टन लोखंडाचा डिटेक्टर बसवला. एखादा प्रोटॉन फुटताना दिसतो का, एवढंच बघायचं. इतकं खोल जायचं कारण, वरून येणारे वैश्विक किरण वरच्या खडकाने अडवावेत. त्यांना काही संशयास्पद नोंदी मिळाल्यासुद्धा, पण नंतरच्या मोठ्या प्रयोगांत तसं काही आढळलं नाही. जपानचा सुपर-कामिओकांडे प्रयोग १९९६ पासून हजारो टन पाण्याकडे डोळे लावून बसलाय आणि अजून एकही प्रोटॉन फुटलेला त्याला खात्रीने दिसलेला नाही. त्यावरून निघतं ते असं की, सिद्धांतांना सर्वात अपेक्षित असलेल्या मार्गाने प्रोटॉन फुटत असेल, तर त्याचं सरासरी आयुष्य १ वर ३४ शून्यं इतक्या वर्षांहून जास्त आहे. विश्वाचं वय आहे सुमारे १३८० कोटी वर्षं.

बघा, इथेही शास्त्रज्ञ 'कायमचा' म्हणत नाहीत. 'निदान इतकी वर्षं तरी' म्हणतात. माझ्या मते हे फार प्रामाणिक उत्तर आहे. पण प्रोटॉन टिकला म्हणून आमची गॅलरी टिकत नाही. आजोबांच्या सळईतला प्रत्येक प्रोटॉन शाबूत आहे. बिघडलंय ते एकमेकांत बांधलेलं असणं. सुटे कण टिकतात, रचना विस्कटते. थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम व्हायवाला पाठ म्हणून दाखवतो ना, त्याचा घरगुती अर्थ हाच. रचना टिकवायची तर बाहेरून कुणीतरी सतत ऊर्जा घालावी लागते.

बदलत राहून टिकणाऱ्या गोष्टी

आणि इथेच मला माझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, तेही रोजच्या वाटेवर.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे ही पहिली रेल्वे धावली. १ मे १८५४ ला ती कल्याणला पोचली. आज त्या पहिल्या दिवसातलं काय उरलंय? रूळ बदलले, स्लीपर लाकडाचे होते ते काँक्रीटचे झाले, वाफेची इंजिनं गेली, १५०० व्होल्टचा डीसी आला आणि गेला, आता २५ हजार व्होल्टचा एसी आहे. तरी ठाणे-कल्याण रेल्वे 'तीच' आहे, आणि सकाळी ८ वाजता ती किती जिवंत आहे हे चौथ्या सीटवर बसलेल्याला विचारा.

कल्याणचा पत्रीपूल घ्या. लोखंडी पूल, १९१४ चा. धोकादायक ठरल्यावर नोव्हेंबर २०१८ मध्ये मेगाब्लॉक घेऊन तो उचलला. एकशे चार वर्षं झाली होती. नवा पूल व्हायला जानेवारी २०२१ उजाडला आणि तोवर कल्याणकरांनी ट्रॅफिकमध्ये जे भोगलं ते भोगलं. पण तो पडायची वाट न बघता उतरवला गेला, हे महत्त्वाचं. सावित्रीच्या पुलाला ते भाग्य मिळालं नाही. आणि रिक्षावाल्याला आजही 'पत्रीपूल' म्हटलं की पुरतं. लोखंड गेलं, पूल राहिला.

ठाण्यात मासुंदा तलावाजवळ कोपिनेश्वराचं देऊळ आहे. मूळ शिलाहारकाळातलं मानतात. पेशवाईत सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी ते पुन्हा उभारलं. तिथे जाणारा कुणी म्हणत नाही की हे 'खरं' देऊळ नव्हे. यासाठी आपल्या भाषेत किती छान शब्द आहे : जीर्णोद्धार. त्यात 'जीर्ण' आधीच आहे. म्हणजे जुनं होणार, हे गृहीतच धरलंय! जपानमधल्या इसे इथे तर देवस्थानाची लाकडी मंदिरं प्रथेप्रमाणे दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेत नव्याने बांधतात. शेवटची खेप २०१३ मध्ये झाली, ती ६२ वी. लाकूड वीस वर्षांचं, पण प्रथा तेराशे वर्षांची. वीस वर्षांनी का? एका सुताराने शिकलेलं पुढच्या सुताराला हाताला धरून शिकवता यावं, हा त्याचा एक मोठा फायदा.

थोडक्यात काय, टिकण्याचे दोन रस्ते दिसतात. एक अंबरनाथचा : असं बांधा की बिघडायला आत काही नसेल. दुसरा रेल्वेचा आणि कोपिनेश्वराचा : बिघडणार हे मान्य करा आणि दुरुस्त करत राहा. पहिला फार थोड्यांना परवडतो, आणि तोही 'कायमचा' नसतो. बाकी सगळ्यांसाठी दुसराच आहे.

हे तत्त्व आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावतीवरसुद्धा आहे, फक्त कुणी वाचत नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत दर वर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि किमान पाव टक्का सिंकिंग फंड सांगितलाय. सिंकिंग फंड म्हणजे एक दिवस ही इमारत जाणार, याची कबुली. पाव टक्क्याने चाळीस वर्षांत व्याज सोडून जेमतेम दहा टक्के जमतात, तेही जुन्या किमतीच्या. नवी इमारत त्यातून होत नाही. पण पाऊण टक्का नेमाने खर्च केला, गच्चीची गळती त्याच वर्षी थांबवली, भेगा वेळच्या वेळी भरल्या, तर पन्नासाची साठ-सत्तर वर्षं होऊ शकतात. आमच्याकडे दर सभेत ठरायचं, "या वर्षी रंग काढू, गच्चीचं पुढच्या वर्षी बघू."

परवा आजोबांनी मला विचारलं, "नवीन बिल्डिंग तरी कायमची असेल ना?" मी त्यांना डिझाइन लाइफ समजावून सांगितलं. त्यांनी क्षणभर हिशेब केला आणि म्हणाले, "म्हणजे तू सत्तरी ओलांडशील तेव्हा परत हीच सभा. तेव्हा गच्चीचं आधी बोल."

मंडळी, आपल्यातले बरेच जण दोन-तीन वर्षांत कुठल्या तरी साइटवर, कारखान्यात नाहीतर कंपनीत उभे असणार. काही बांधताना 'हे कायमचं टिकेल का?' असं कुणी विचारलं, तर 'हो' म्हणू नका, आणि 'काहीच टिकत नाही' असं म्हणून सुटूही नका. किती वर्षं, कशा परिस्थितीत, आणि मधल्या काळात बघणार कोण, या तिन्हींची उत्तरं द्या. आणि सिव्हिलवाले असाल तर स्लॅब भरायच्या आधी एकदा खाली वाकून सळईखालचे कव्हर ब्लॉक मोजा. त्या घरात कुणाचे तरी आजी-आजोबा राहायला येणार आहेत.